दुभाषी व्हायचंय, पण एक वाक्य गाळलंय

‘ताई, मी ऐरोलीला राहते. वय २५, बी.कॉम. झालेय. महापे एमआयडीसीत मशीनचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत पर्चेसला आहे. कॉलेजात असल्यापासून आवड म्हणून जपानी शिकतेय आणि डिसेंबरात जपानी भाषेच्या परीक्षेची एन-३ ही मधली पातळी पास झाले. गेल्या महिन्यात आमच्याकडे जपानी ग्राहक आले. त्यांचे दुभाषी ऐनवेळी आजारी पडले आणि साहेबांनी मला पुढे केलं. दिवसभर मी दोन्हीकडचं बोलणं सांगितलं. सगळ्यांनी खूप कौतुक केलं. पण शेवटच्या मीटिंगला त्यांचे मोठे साहेब म्हणाले, “हा दोष तिसऱ्यांदा निघालाय. पुन्हा निघाला तर आम्हाला दुसरा व्हेंडर बघावा लागेल.” ते आमच्या साहेबांच्या तोंडावर बोलायला माझी जीभच वळेना. मी म्हटलं, “क्वालिटीकडे जरा जास्त लक्ष द्या, अशी त्यांची विनंती आहे.” कुणाच्या लक्षात आलं नाही. मला मात्र रात्री ते वाक्य आठवत राहतं. तरीही त्या दिवशी केलं तेच काम आयुष्यभर करावंसं वाटतं. दुभाषी कसं होतात? कुठला कोर्स करू? नोकरी सोडू का? बाबा म्हणतात, दुभाष्याला कोण विचारतंय, आता मोबाइलच भाषांतर करतो. साहेबांनी पुढच्या भेटीलाही मलाच बसायला सांगितलंय.’

प्रिय ऐरोलीकर,

कोर्सचं सांगते, नोकरीचंही सांगते. पण ते सगळं दोन-चार महिने थांबू शकतं. ते वाक्य थांबू शकत नाही, म्हणून आधी तेच घेऊ.

साहेबांना सांग. याच आठवड्यात, केबिनमध्ये, दार लावून. ‘त्या दिवशी शेवटच्या मीटिंगला मी एक वाक्य सौम्य करून सांगितलं. त्यांचं मूळ वाक्य असं होतं,’ एवढीच प्रस्तावना कर आणि मूळ वाक्य सांग. ‘तिसऱ्यांदा’ हा शब्द ठेव, ‘दुसरा व्हेंडर’ हेही ठेव. आपण का घाबरलो, किती वाईट वाटलं, हे नंतर. ते आधी सांगत बसलीस तर साहेब तुझी समजूत काढण्यात गुंततील आणि ते वाक्य पुन्हा एकदा बाजूला पडेल.

घाई कशासाठी, ते बघ. आपण स्पष्ट इशारा दिला, अशा समजुतीत तो ग्राहक घरी गेला आहे. तुझे साहेब मात्र ‘जरा लक्ष द्या’ एवढंच ऐकून कामाला लागलेत. तू जपानी शिकतेस, म्हणजे तुला माहीत असेल की तिकडचा माणूस व्यवहारात सहसा तोंडावर नाही म्हणत नाही. ‘मुझुकाशी देसु’, अवघड आहे, म्हणतो आणि ते बऱ्याचदा नकाराच्याच जागी असतं. अशा रीतीत वाढलेला माणूस सगळ्यांदेखत ‘दुसरा व्हेंडर बघू’ म्हणाला, तेव्हा पाणी गळ्याशी आलेलं होतं. पुढचा लॉट रवाना होण्याआधी तुझ्या साहेबांना हे कळायला हवं. चौथ्यांदा दोष निघाला तर ते म्हणतील ‘तुम्ही कधी बोललाच नाहीत’ आणि समोरचे म्हणतील ‘आम्ही बोललो होतो’. दोघंही खरं बोलत असतील.

साहेब रागावणार नाहीत, असं मी म्हणत नाही. रागावतीलही. माझ्याबाबतीत काय झालं ते सांगते. वीसेक वर्षांपूर्वी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी दुभाषी म्हणून बसले होते. यंत्राच्या किमतीवर बोलणं चाललं होतं. पाहुणे म्हणाले, ‘इचि ओकु’ येन. मी म्हटलं, एक कोटी येन. आपल्याकडची माणसं खुशीत आली, चहा आला, बोलणं पुढे सरकलं. जेवणाच्या सुट्टीत समोरच्यांच्या कागदावर मला तो आकडा शून्यांसकट दिसला आणि माझा घास तोंडातच राहिला. ओकु म्हणजे दहा कोटी. दहा मिनिटं मी गप्प बसले. ती दहा मिनिटं मला अजून आठवतात. मग उठले, दोन्ही बाजूंच्या माणसांना म्हटलं, ‘सकाळी दुभाष्याकडून आकडा चुकला, एक कोटी नाही, दहा कोटी.’ त्या कंपनीनं मला पुन्हा कधी बोलावलं नाही. पण चुकीच्या आकड्यावर कुणाची सही झाली नाही. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक नव्या पॅडच्या पहिल्या पानावर ‘ओकु = १० कोटी’ लिहिलेलं असतं.

माझी चूक ऐकण्याची होती, तुझी चांगुलपणाची आहे. आणि ती दुसरी जास्त अवघड, कारण ती करताना आपण बरोबरच वागतोय असं वाटतं. आपल्या घरांतून आपण हेच शिकत मोठे होतो. मामी फोनवर ताडकन ‘नाही जमणार’ म्हणते आणि आपण आईला सांगतो, ‘बघते म्हणाली.’ घरात त्यामुळे चार दिवस शांततेत जातात. दुभाष्याच्या खुर्चीत बसल्यावर मात्र समोरच्याचं वाक्य त्याचं असतं, आपलं नसतं. तो कडू बोलला तर कडू, उर्मट बोलला तर उर्मट, तेवढंच. वाढवायचं नाही आणि उतरवायचंही नाही.

म्हणूनच या धंद्यात बोलणाऱ्याचा ‘मी’ तसाच ठेवायचा शिरस्ता आहे. ‘ते म्हणतायत की त्यांना माल नको’ असं म्हणायचं नाही, ‘मला माल नको’ असं म्हणायचं. पहिल्यांदा चमत्कारिक वाटतं, पण दोन फायदे होतात. माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघून बोलू लागतात, आणि तुझ्यातली ती घाबरलेली मुलगी बाजूला सरकते, कारण तो ‘मी’ तू नाहीसच. स्वतःचं काही सांगायचं असेल, शब्द कळला नसेल, चूक दुरुस्त करायची असेल, तर ‘दुभाषी विचारते’, ‘दुभाष्याची दुरुस्ती’ असं तिसऱ्या माणसासारखं बोलायचं. त्या दिवशी तू ‘अशी त्यांची विनंती आहे’ म्हणालीस. ‘त्यांची’ म्हटलं, तिथेच तुला फट सापडली.

याची दुसरी बाजूही सांभाळायची असते. उद्या समोरचा म्हणाला ‘केंतो शिमासु’, तर तू ‘विचार करू’ एवढंच सांगायचं. ‘नाही म्हणतायत’ असा अर्थ टेबलावर लावून द्यायचा नाही, कारण एखाद्या वेळी ते खरंच विचार करणार असतात. तू त्या कंपनीची नोकर आहेस, त्यामुळे मीटिंग संपल्यावर साहेबांना बाजूला घेऊन ‘हे वाक्य तिकडे बऱ्याचदा नकारासाठी वापरतात’ असं सांगू शकतेस. ते सहकारी म्हणून सांगणं झालं. दोन्ही टोप्या एकाच वेळी घालायच्या नाहीत. तसंच ‘हाय’चं, म्हणजे जपानी ‘होय’चं. समोरचा दर वाक्याला हाय, हाय करतो तेव्हा बहुतेक वेळा ‘ऐकतोय’ म्हणत असतो. आपल्याकडे फोनवर आपण ‘हं, हं’ करतो तसं. त्याचं दर वेळी ‘होय’ केलंस तर आपली माणसं समजतील, सगळं कबूल झालं.

आता तुझ्या बाबांचं. दुभाष्याला कोण विचारतंय, या प्रश्नाला आपल्याकडे फार जुनं उत्तर आहे. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्सिंडेन रायगडावर आला, तेव्हा त्याच्यासोबत दुभाषी होता नारायण शेणवी. दरबारात नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरून दाखवणारा हात त्याचा होता, हे ऑक्सिंडेननं स्वतः लिहून ठेवलंय. मराठी दरबारांत फारसी पत्रव्यवहार सांभाळणारे ते पारसनीस. त्यांचं आडनाव आजही तुझ्या आजूबाजूच्या सोसायट्यांच्या पाट्यांवर असेल. बाबांना हे सांगून पगाराचा प्रश्न सुटत नाही, मला माहीत आहे. पण हे काम हलकं आहे, ही समजूत तरी जावी.

मोबाइलबद्दल ते पूर्ण चुकीचंही बोलत नाहीत. हॉटेलात जेवण मागवणं, रस्ता विचारणं, नेहमीच्या मेलचा मतितार्थ काढणं, ही कामं यंत्राकडे गेलीत आणि परत यायची नाहीत. आपल्या सरकारनंही २०२२ पासून ‘भाषिणी’ आणलंय, भारतीय भाषांमधलं बोलणं-लिहिणं यंत्रानं एकीतून दुसरीत नेण्यासाठी. एन-३च्या जोरावर मिळणारी किरकोळ कामं याच वाटेनं कमी होत जातील. मग उरतं काय? तिथे चुकलं तर कुणीतरी उत्तरदायी लागतो, अशी कामं. करार, अपघातानंतरची चौकशी, ऑपरेशनची संमती, कोर्टातली साक्ष. १९६९च्या शपथ कायद्यात साक्षीदाराच्या जोडीला दुभाष्यालाही शपथ घ्यायला सांगितलंय. फोनला शपथ देता येत नाही. पण त्या पातळीपर्यंत पोचायचं तर अभ्यासही त्या तोडीचा लागेल, आणि तो काही महिन्यांत होत नाही. चार-पाच वर्षं धर.

नोकरी सोडू नकोस. हे अगदी निक्षून सांगते. जपानीच्या क्लासात भाषा शिकवतात, पण ‘बर’ म्हणजे काय, ‘जिग’ काय, टॉलरन्स कशाला म्हणतात, रिजेक्शनचं चलान कसं फाडतात, हे तुला महाप्यात फुकट शिकायला मिळतंय. उत्तम जपानी येणारी मुलं शॉप फ्लोअरवर गडबडतात, कारण त्यांना मशीन माहीत नसतं. तू रोज अर्धा तास तुमच्या फिटरपाशी उभी राहा. कुठल्या भागाला काय म्हणतात, तो कसा मोडतो, मोडल्यावर कसा आवाज येतो, विचार. आवाजाचं मुद्दाम म्हणते. जपानी इंजिनिअर ढिल्या भागाबद्दल ‘गातागाता’ म्हणतो, माप जेमतेम बसत असेल तर ‘गिरिगिरि’ म्हणतो. इंग्रजीत सांगणारा तिथे अडखळतो. मराठीत आपल्याकडे खडखड आहे, खुळखुळ आहे, घरघर आहे, करकर आहे, आणि फिटरला त्यातला नेमका फरक कळतो. खडखडतंय म्हटलं की तो बेअरिंगकडे बघणार आणि करकरतंय म्हटलं की तेल शोधणार. ही मराठीची श्रीमंती तुझ्या हाताशी आहे, ती वापर.

आणि यावरून मला सगळ्यात महत्त्वाचं जे वाटतं ते सांगते, जे कुठल्या कोर्सच्या माहितीपत्रकात बहुधा नसतं. तुझी मराठी वाढव. दुभाषी व्हायला निघालेली मुलं परकी भाषा घोटतात आणि आपली भाषा येतेच असं धरून चालतात. येत नाही. ‘लायबिलिटी’ला पटकन शब्द सुचतो का? ‘नुकसानभरपाई’ आणि ‘परतावा’ यांतला फरक भर मीटिंगमध्ये अर्ध्या सेकंदात करता येतो का? साहेबांना एका तऱ्हेनं, कामगारांना दुसऱ्या तऱ्हेनं आणि पाहुण्यांना ‘आपण’ म्हणत बोलताना घसरायला होत नाही ना? जपानीत आदराचे थर आहेत, ते उतरवायला मराठीत तू-तुम्ही-आपण आहे, पण ते जिभेवर खेळतं राहायला हवं. ऐरोलीहून ठाणं चार पावलांवर आहे. मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून तिथे उभं आहे. सभासद हो. रोज एक पान मोठ्यानं वाच, कायद्याचं, शेतीचं, आरोग्याचं, आवडत नसलेल्या विषयाचं मुद्दाम. इंग्रजीही सोडू नकोस. आपल्याकडच्या बैठकांत निम्मं बोलणं इंग्रजीतच होतं आणि बरंचसं काम जपानी-इंग्रजी असंच मिळतं.

इथे एक गंमत ध्यानात घे. जपानीत क्रियापद शेवटी येतं आणि मराठीतही शेवटीच येतं. नकारही तिथेच, शेपटाला. त्यामुळे जपानीतून मराठीत येताना वाक्य जवळजवळ त्याच वाटेनं चालतं. इंग्रजीत न्यायचं तर क्रियापद आधी हवं, आणि ते तर अजून कानावर आलेलंच नसतं. थांबून, शेवट ऐकून, मग बोलायची सवय लागते. घाईनं ‘आम्ही घेऊ’ म्हणून मोकळं झाल्यावर वाक्याच्या शेवटी ‘नाही’ येणं, हा अनुभव तुला एकदा येणारच.

परीक्षांचं बोलू. एन-३वर दुभाषी म्हणून उभं राहता येत नाही; त्या दिवशी तू निभावलंस ती तुझी हुशारी होती, पण ते वाक्य निसटण्यात थकव्याचाही हात असणार. नोकरीसाठी किमान एन-२ लागतो आणि गंभीर काम करायचं तर एन-१, म्हणजे सगळ्यात वरची पातळी. परीक्षा वर्षातून दोनदा होते, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, आणि मुंबई-पुण्यात केंद्रं आहेत. पण नीट बघ, या परीक्षेत बोलण्याची चाचणीच नसते. वाचायचं, ऐकायचं, पर्यायांवर खुणा करायच्या. एन-१ झालेला माणूस चहाच्या टेबलावर मुका बसलेला मी पाहिलाय. म्हणून बोलणं वेगळं कमवावं लागतं. मुंबई विद्यापीठात परकीय भाषांचे विभाग आहेत. जपानीसाठी पुण्याकडे चांगली परंपरा आहे, रानडे इन्स्टिट्यूटमधला पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ ही नावं चौकशीच्या यादीत ठेव. दुभाषणाचंच शास्त्रशुद्ध शिक्षण हवं असेल तर वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात अनुवाद आणि निर्वचनाचा, म्हणजे दुभाषणाचा, वेगळा विभाग आहे, दिल्लीत जेएनयू आहे. नोकरी सांभाळून ते जमणार नाही, हे मला दिसतंय. म्हणून घरच्या घरी करायचं सांगते.

मोबाइलवर तीन मिनिटांचं मराठी भाषण लाव. कागद-पेन नाही. संपल्यावर तेच मराठीत सांग आणि स्वतःला रेकॉर्ड कर. ऐकताना तुला कळेल की शेवट आठवतो, सुरुवात आठवते, मधलं सांडतं. आधी एकाच भाषेत हे जमेपर्यंत दोन भाषांना हात लावू नकोस. दुभाष्याचं काम अर्ध्याहून जास्त ऐकण्याचं आहे. महिन्याभरानं तेच भाषण जपानीत सांग. एनएचके या जपानी वाहिनीच्या बातम्या घे आणि बोलणाऱ्याच्या एक-दोन शब्द मागे राहून त्याच भाषेत पुटपुटत जा, सावलीसारखं. पुढे बूथमध्ये बसून बोलण्याच्या जोडीनंच सांगत जायचं काम करायचं असेल तर कान आणि जीभ एकाच वेळी चालण्याची सवय इथूनच लागते. घाई मात्र करू नकोस. त्या कामाला बूथमध्ये दोन दुभाषी बसतात आणि वीस-तीस मिनिटांनी पाळी बदलतात, कारण त्यापुढे डोकं चालत नाही. कारखान्यात एकटीला सकाळी नऊपासून सहापर्यंत बसवतात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आकड्यांना रोज दहा मिनिटं दे, त्यांना वेगळी शिक्षाच हवी. मराठीत आपण ‘पंचेचाळीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी येतात, चाळीस मागून. जपानीत चार-दहा-पाच असा सरळ क्रम. त्यातून आपले लाख-कोटी आणि त्यांचे मान-ओकु. मान म्हणजे दहा हजार. म्हणून आपला एक लाख म्हणजे त्यांचे दहा मान, एक कोटी म्हणजे हजार मान आणि दहा कोटी झाले की एक ओकु. इंग्रजी मध्ये घुसली की मिलियन म्हणजे दहा लाख, हे तिसरं गणित. हे मनात करायचं नाही, कागदावर करायचं. घरातल्या कुणालाही वर्तमानपत्रातले आकडे वाचायला सांग आणि तू ते दुसऱ्या भाषेत म्हण. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद इथे सगळे घसरतात, तिथे जास्त वेळ थांब.

कामं कुठे मिळतात? पगारी नोकऱ्या जपानी कंपन्यांत आणि त्यांच्या पुरवठादारांकडे आहेत. आपल्या राज्यात चाकण-रांजणगाव पट्टा आहे, सुप्याच्या एमआयडीसीत तर जपानी कंपन्यांसाठी वेगळी जागाच राखलीय. तिथे लिखित भाषांतर आणि दुभाषण दोन्ही एकाच माणसाकडून करून घेतात, आणि नवख्याला ते बरंच असतं, कारण ड्रॉइंगं आणि अहवाल भाषांतर करताना शब्द पक्के होतात. सुट्ट्या कामांची सुरुवात प्रदर्शनांपासून कर. वाशीचं सिडको एक्झिबिशन सेंटर तुझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे, गोरेगावचं मोठं केंद्रही फार लांब नाही. स्टॉलवर उभं राहून दिवसभर तीच चार वाक्यं बोलायची असतात. पाय दुखतात, पण भीती मोडते.

पैशाचं मोकळेपणानं बोलायला शिक, आपल्याकडच्या मुली इथेच कच खातात. सुट्टं काम तासावर घेऊ नकोस, अर्धा दिवस किंवा पूर्ण दिवस असं घे. प्रवासाचे पैसे वेगळे, ठरलेल्या वेळेपुढचे वेगळे, आणि आदल्या दिवशी काम रद्द झालं तर किती मिळणार, हे सगळं आधी मेलवर लिहून घे. ‘आधी काम बघू, मग पैशाचं बोलू’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नकोस.

हे पत्र वाचून तुझ्यासारख्या आणखी कुणाच्या मनात येईल म्हणून सांगते, परकी भाषा येत नसली तरी हे क्षेत्र बंद नाही. मुंबई उच्च न्यायालयात मुख्य अनुवादक व दुभाषी यांचं स्वतंत्र कार्यालय आहे आणि तिथे मराठी-इंग्रजीवर भरती निघते. लोकसभेत हिंदी-इंग्रजी दुभाषण १९६४ पासून चालू आहे. संसदीय दुभाषी हे रीतसर पद आहे. भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांची तर फार गरज आहे. वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत त्याची दोन वर्षांची पदविका आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासह सर्वोच्च न्यायालयापुढे ऑनलाइन हजर झाल्या, आणि त्यानंतर काही दिवसांतच न्यायालयानं स्वतःही दुभाषी नेमला. आणि खारघरच्या टाटाच्या कॅन्सर केंद्रात बंगाल, आसाम, बिहारमधून माणसं येतात. अशा रुग्णांसोबत आलेला भाचा किंवा मुलगाच डॉक्टरांचं बोलणं सांगतो, आणि तू जे साहेबांसाठी केलंस तेच तो मावशीसाठी किंवा आईसाठी करतो, प्रेमापोटी. मग बाईला कळतच नाही की आपण कशावर सही करतोय. बंगाली किंवा आसामी घरात वाढलेली आणि चांगली मराठी बोलणारी मुलं नवी मुंबईत खूप आहेत. त्यांनी याचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

आता पुढच्या भेटीचं. साहेबांना ते वाक्य सांगून झाल्यावरही त्यांनी तुलाच बसायला सांगितलं, तर ‘हो’ म्हण, पण चार गोष्टी मागून घे. विषयपत्रिका, ड्रॉइंगं आणि मागच्या तक्रारीचा अहवाल तीन दिवस आधी हातात द्या म्हणावं, म्हणजे शब्दांची यादी करता येईल. येणाऱ्या माणसांची नावं आणि हुद्दे लिहून घे. बसायची जागा दोघांच्या मध्ये, किंचित मागे, दोघांचे चेहरे दिसतील अशी. आणि सुरुवातीलाच दोन्ही भाषांत सांग, ‘जे बोललं जाईल ते सगळं मी जसंच्या तसं सांगेन. दोन-तीन वाक्यांनंतर थांबत जा.’ हे एकदा सगळ्यांसमोर बोललीस की कडू वाक्य आल्यावर तुला धीर गोळा करावा लागणार नाही, तो आधीच गोळा झालेला असेल. कुणी भराभर बोलू लागला तर हात वर करून थांबव. संकोच नको. न्यूरेंबर्गच्या खटल्यात १९४५ साली चार भाषांचं दुभाषण चाललं होतं, तेव्हा बोलणाऱ्यासमोर पिवळा दिवा ठेवला होता. तो लागला की न्यायाधीशानंही सावकाश बोलायचं.

दुपारचं जेवण मीटिंगसोबतच असेल तर तू आधी जेवून घे, टेबलावर तुला खायला मिळणार नाही. पॅड वरून स्पायरल असलेलं घे, पान पटकन उलटतं. एकाच बाजूला लिही, एक विचार संपला की आडवी रेघ ओढ. शब्द लिहित बसू नकोस. वाढलं तर वर जाणारा बाण, घटलं तर खाली, आणि कांजी, म्हणजे जपानीतली चित्रासारखी अक्षरं, तुला येतातच, एका कांजीत अख्खी कल्पना मावते. आकडे आणि नावं मात्र कानावर पडताक्षणी पूर्ण लिही, बाकी सगळं सोडून. पहिल्या पानावर ओकु लिहून ठेव. पेनं दोन घे.